अप्पांनी कॉम्प्युटरला तेल पाजलं तेव्हा...

मागच्या महिन्यात सोलापूरच्या जुळे सोलापूर भागातल्या आमच्या घरी चक्क तेलावरून महाभारत झालं. शेंगतेल, खोबरेल नाही हो... मशीनचं तेल!

मी घरी बसून टॉवेलची डिझाइनं करते. इतके दिवस दुसऱ्यांची डिझाइनं सुधारून द्यायचे, पण या वेळी एका कारखानदारानं पहिल्यांदाच पूर्ण माझं स्वतःचं डिझाइन मागितलं होतं. सोमवारी फाइल द्यायची होती... आणि ती त्या एकाच कॉम्प्युटरमध्ये होती. हो, माहितीये, कॉपी ठेवायला हवी होती. आता तुम्हीही सुरू होऊ नका!

तर आठवडाभर कॉम्प्युटरमधून खर्रखर्र आवाज येत होता. पंखे धुळीनं भरलेत हे कळत होतं, पण काम संपलं की बघू म्हणून मी कानाडोळा केला.

कानाडोळा न करणारा माणूस घरातच होता... माझे सासरे, अप्पा. आयुष्यभर पॉवरलूमवर जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. गुडघे दुखायला लागल्यापासून घरीच असतात. कुरकुरणाऱ्या वस्तूला तेल घालायचं, हा त्यांचा धर्म. दारं, शिलाई मशीन, नातवाची सायकल... सगळ्यांचा अभिषेक होऊन गेलाय.

मी भाजी आणायला गेले तेवढ्यात त्यांनी कॉम्प्युटरचं झाकण काढलं आणि आतल्या दोन्ही पंख्यांना सढळ हातानं तेल पाजलं. मी आले तर आवाज गायब. अप्पा खूश! "बघ, कसं गप केलं की न्हाय?"

दुसऱ्या दिवशी पंखेच फिरेनात. तेलात धूळ बसून नुसता चिखल झाला होता. कॉम्प्युटर सुरू केला की थोड्या वेळात आपोआप बंद... आणि बाहेर सोलापूरचं ऊन, ते काय सांगायचं! मी रडकुंडीला आले.

अप्पांनी लगेच टेबलफॅन आणून समोर ठेवला. "भायेरनं वारा देऊ की, त्यात काय!" आणि स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली बसले. मागे जिथे लाइटची वायर खोचतो ना, तिथे आत एक पत्र्याचा डबा असतो. त्यातही पंखा असतो. तो डबा उघडून त्यालाही तेल घालायला निघाले होते... आणि वायर भिंतीतल्या प्लगमध्ये तशीच!

"अप्पा, हात काढा!" मी एवढ्या जोरात किंचाळले की शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. लग्न झाल्यापासून अप्पांपुढे कधी आवाज चढवला नव्हता. त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, "चुकलं बाई माझं" म्हणाले आणि आत जाऊन पडले. दुपारी जेवलेसुद्धा नाहीत.

नव्या पेठेतल्या ओळखीच्या दुकानदाराला फोन लावला. तेलाचं ऐकून तो आधी पोट धरून हसला, मग एकदम गंभीर झाला. म्हणाला, "ताई, पंखे बंद असताना परत परत चालू करून बघू नका, प्रोसेसर जळून जाईल. आणि तो पत्र्याचा डबा कधीच उघडायचा नसतो. वायर काढली तरी आत करंट साठलेला असतो." माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

वायर काढून कॉम्प्युटरचं कॅबिनेट मांडीवर घेतलं आणि रिक्षानं दुकान गाठलं. त्यानं आत कुठे तेल सांडलंय का ते तपासलं, सांडलेलं पुसून काढलं. मग माझी हार्ड डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली... आणि माझं डिझाइन स्क्रीनवर आलं! जिवात जीव आला. आधी पेन ड्राइव्हवर कॉपी घेतली.

दुकानदार म्हणाला, "नवीन पंखे लगेच बसवून देतो." मी तोंड उघडलं आणि काय झालं कोण जाणे... म्हटलं, "नको, फक्त कसे बसवायचे ते सांगा. घरी बसवणारा माणूस आहे."

पण तो माणूस रुसून बसलेला! "मी न्हाय बाबा हात लावत." मी म्हटलं, "बरं, मग मीच बसवते... चुकीचे बसले तर बसले." हे औषध बरोबर लागू पडलं. अप्पा कण्हत उठले.

वायर काढलेली आहे ना, हे त्यांनी स्वतः बघितलं. मग मी आतली धूळ ब्रशनं झाडली आणि दुकानदारानं सांगितलेलं एकेक वाचत गेले. पंख्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण असतो, तो त्यांनी चष्मा लावून शोधला. वायरी पात्यात अडकू नयेत म्हणून बाजूला बांधल्या. पंख्याखाली प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारी पेस्ट लावायची वेळ आली तेव्हा मात्र जुनी खोड उफाळून आली. "एवढीच? आनि थोडी घालू की!"

"अप्पा... वाटाण्याएवढीच!"

झाकण लावून बटण दाबलं आणि दोन्ही पंखे भिरभिरायला लागले. अप्पांनी कॅबिनेटजवळ कान नेला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "आता वाढ की जेवायला, लई भूक लागलीया." मला हसू पण आलं आणि रडू पण.

सोमवारी फाइल दिली, पसंत पडली. आता नमुन्याचा पहिला टॉवेल घरी आलाय, पण त्याला पाणी लावायची कुणाची हिंमत नाही. अप्पा तो खांद्यावर टाकून रोज संध्याकाळी कट्ट्यावर जातात. कुणी काही विचारायच्या आतच सांगतात म्हणे, "सुनेनं काढलंय हे. आमच्या."

डिझाइन वाचलं याचा आनंद आहेच हो... पण खांद्यावरचा तो टॉवेल सतत नीट करणारा अप्पांचा हात वाचला, म्हणून रोज देवाचे आभार मानते.