उचललेली चाल

मूल गावच्या बाजारात अब्बांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्त केलेला सेट तपासायला ते डिशवरचं हाती येईल ते चॅनेल लावत. तिथंच मला तो कोरियन गायक दिसला. त्याचं ओ की ठो कळत नव्हतं, पण खाली इंग्रजी ओळी यायच्या आणि माझं बारावीचं इंग्रजी तेवढ्यापुरतं पुरायचं. गायक तोच, संगीतकार तोच, निर्माताही तोच. त्याच्या कंपनीनं दुसऱ्यांच्या चाली गा म्हटलं, तर हा सरळ बाहेर पडला. मला भारी आनंद झाला.

कारण मी झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गनवर बसून गायची. धान निघालं की गावोगावी आमचे प्रयोग. गाणी म्हणजे हिंदी सिनेमाची चाल आणि वर आपले शब्द. माझ्या चाली आमच्या वडशाच्या नाटक कंपनीचे मालक पान लावत ऐकायचे आणि म्हणायचे, "बाई, लोकाले वळखीचं पाह्यजे." आयत्या बिळावर नागोबा, असं मी त्यांना मनातल्या मनात म्हणायची.

चौथ्या हंगामात तालमीत मी एक चाल वाजवली. मालकांचं पान हातातच राहिलं. "हे कुठी लपवून ठेवलं होतं? हँडबिलावर तुमचं नाव टाकतो, संगीतकार म्हणून."

चाल त्या कोरियनाची होती, सुरासकट. मालकांची गंमत करायची होती, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. खोटं. मला ते नाव हवं होतं.

घरी सराव करत होते तर अब्बा सोल्डरिंगवरून मान वर न काढता म्हणाले, "ये तो टीव्हीवाले लड़के का है ना?" लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. जो दुसऱ्याची चाल गात नाही म्हणून मला आवडला, त्याचीच मी उचलली. आता नागोबा मीच.

दुसऱ्या दिवशी मालकांना सगळं सांगितलं. त्यांना हसू आलं. "तो काय वडशाले भांडाले येऊन राह्यला? चुप बसा. हँडबिलं छापून झाली."

"मग माझं नाव खोडा."

"मले टाइम नाई."

मला होता. शाईची बाटली घेऊन बसले आणि गठ्ठ्यातल्या प्रत्येक हँडबिलावरचं माझं नाव माझ्या हातानं काळं केलं. प्रयोगाला ऑर्गन माझ्यापुढेच होता. शब्द तेच ठेवले, ताल तोच, चाल माझी गायले. मालक विंगेतून डोळे वटारत राहिले. मी त्यांच्याकडे बघूनच दुसरं कडवं घेतलं.

वन्समोर आला नाही. पडदा पडताच मालकांनी मला कामावरून काढलं.

पुढच्या हंगामात मी माझं नाटक काढलं. हँडबिलावर गायिका, संगीतकार, निर्माती, तिन्हींपुढे माझं नाव. त्या कोरियनाकडून घ्यायचं होतं ते एवढंच, आणि ते मी उजळ माथ्यानं घेतलं.