कोनाले भेता?

कुऱ्हाडीला दांडा बसवून घ्यायला कुणी आलं, की दांडेमामा आधी लोखंडाकडे बघायचेच नाहीत. माणसाकडे बघायचे आणि विचारायचे, "कोनाले भेता?" नवीन गिऱ्हाईक हसायचं, जुनं मुकाट्याने सांगायचं. साप म्हणणाऱ्याला लांब दांडा, रानडुक्कर म्हणणाऱ्याला जाड. 'कोनालेच नाई' असं छाती काढून सांगणाऱ्याला मामा परत पाठवायचे. "याच्या हाती कुऱ्हाड देऊन मी काहाले पाप घेऊ? हा आपलाच पाय तोडन," असं तो जरा दूर गेल्यावर म्हणायचे, पण त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली त्यांचं बसणं होतं. मूळचे हिंगणीचे. बोरच्या जंगलाकाठी अर्धा जन्म गेला, म्हातारपणी लेकीकडे, संघमित्राताईकडे, राहायला आले. ताईने कितीदा सांगितलं की आता बसून खा. पण मामा सकाळी चहा झाला की 'जयभीम' करत गल्लीभर फिरून यायचे आणि तासणी घेऊन झाडाखाली बसायचे. आरामशिनीवरून धावड्याच्या चिवट लाकडाचे तुकडे आणायचे, तासायचे, काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत करायचे. दांडा देण्याआधी तुमचा हात कोपरापासून बोटापर्यंत मोजायचे. माप घेतल्याशिवाय त्यांनी कधी कुणाला फावड्याचा दांडासुद्धा दिला नाही.

आणि हा माणूस स्वतः कुत्र्याला भ्यायचा. साधं भिणं नाही. डोळे नुकते उघडलेलं पिल्लू लुडबुडत आलं, तरी मामा दोन्ही पाय उचलून झाडाभोवतीच्या ओट्यावर घ्यायचे आणि चेहरा पांढराफटक व्हायचा. गल्लीतली पोरं मागून 'भो भो' करायची. मीही हसले आहे, खोटं कशाला बोलू? एकदा म्हणालेसुद्धा, "मामा, भोवती पंधरा दांडे पडलेत, एक उचला की!" ते म्हणाले, "दांडा हाय माय, पन उचलाले हात तं पाह्यजे ना?" मला वाटलं, गंमत करून राह्यले.

त्यांच्याशी माझी खरी गट्टी जमली ती झोंबींमुळे. मी सेलूला एका कार्यालयात कारकून आहे. नवरा नोकरीसाठी चंद्रपूरला, घरी मी आणि सहा वर्षांची ईशू. फोनवरच्या एका कथांच्या अ‍ॅपवर मी 'उठलेले' नावाची मालिका लिहीत होते, दर शनिवारी एक भाग. मेलेली माणसं उठतात, चावत सुटतात, ज्याला चावतील तोही तसाच होतो, असा सगळा मामला. माझी नायिका नंदा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असते आणि वर्ध्यातून जीव वाचवत पळत असते. तिच्या हातात मी पिस्तूल दिलं, तर एका वाचकाने विचारलं, "ताई, पिस्तूल सेलूच्या बाजारात किलोवर मिळते का?" मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मी मामांकडे गेले.

मामांनी सगळी गोष्ट शांतपणे ऐकली. चावलं की तोही तसाच होतो, या वाक्याला त्यांचा तासणारा हात थांबला. मग म्हणाले, "तुही नंदा कोनाले भेते?" मी म्हटलं, "झोंबींना." ते म्हणाले, "तसं नाई. त्याईच्या दाताले भेते का हाताले? का आवाजाले? थे ठरव. मंग हत्यार सांगतो."

त्या दिवसापासून माझी परीक्षा सुरू झाली. लिहिलेलं हत्यार मामा आधी माझ्या हातात द्यायचे. नंदाला कुऱ्हाड दिली, तर मला कुऱ्हाड घेऊन बाभळीच्या ओल्या ओंडक्यावर घाव घालायला लावला. घाव बसला आणि कुऱ्हाड अशी रुतली की पाय लावून ओढली तरी निघेना. "आता दुसरा आला," मामा तासता तासता म्हणाले, "तिसराही आला. तू अजून ओढूनच राह्यली." सब्बल, म्हणजे लोखंडी पहार दिली, तर ती घेऊन कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीपर्यंत पळायला सांगितलं. अर्ध्या वाटेत माझा दम गेला आणि शेजारच्या दोन बायका 'काय झालं हो?' म्हणत बाहेर आल्या. तलवार तर त्यांनी ऐकूनच घेतली नाही. शेवटी धावड्याची काठी ठरली, नंदाच्या कानाइतकी. "कानाच्या वर गेली तं दारात अडकते," मामा म्हणाले, "अन् बुटकी असन तं चावणारं जवळ येते. भेणाऱ्या मानसाले अंतर लागते, दुसरं काई नाई." वाचकांना काठी इतकी पटली की त्या भागाखाली कौतुकाची रांग लागली.

एकच प्रश्न त्यांनी सोडवला नाही. शेवटच्या भागात नंदाचा धाकटा भाऊच चावला जाऊन तिच्यासमोर येणार होता. मी विचारलं, "मामा, तेव्हा तिच्या हातात काय देऊ?" मामांनी तासणी पिशवीत घातली, काचेचा तुकडा कागदात गुंडाळला आणि भर अकरा वाजता उठून घरी निघून गेले. मला वाटलं, उन्हाचा त्रास होत असेल.

त्यांची आणखी एक सवय होती, ती मला कटकट वाटायची. झाडाखालून जाणाऱ्या प्रत्येक पोराला ते थांबवायचे. "हात दाखव. पाय दाखव. पलट." लाकडाच्या सालपा पायात जातात, असं कारण सांगायचे. पोरं वैतागून तळवे दाखवायची आणि पळायची. मी ईशूला सांगून ठेवलं होतं, आबाजी म्हणतील ते कर, म्हातारा माणूस आहे.

मे महिना होता. रविवारची दुपार. मी ओट्यावर कुरड्या उलटत होते आणि ईशू झाडाखालून जात होती. मामांनी हाक मारली, "ईशूबाई, पाय." तिने नुसते हात दाखवले. "पाय," मामा पुन्हा म्हणाले. ती मागे सरकली. तेव्हा मला दिसलं की त्या रखरखत्या उन्हात माझ्या पोरीने गुडघ्यापर्यंत शाळेचे मोजे घातले होते.

मामांनी मोजा खाली केला. पोटरीवर दातांचे दोन खड्डे होते आणि त्यांच्याखाली एक ओरखडा, रक्त सुकून काळं झालेलं. सकाळी नाल्याकडच्या पिल्लाला पोळी द्यायला गेली होती, तिथं एक मोठं कुत्रं आलं. मी रागावेन म्हणून तिने मोजे चढवले होते.

मी काय केलं, ते आता लिहायलाही लाज वाटते. साठ-सत्तर भाग चावण्यावर लिहिणारी मी घरात पळाले आणि तिखटाचा डबा घेऊन आले. माझी आई कुत्र्याच्या चाव्यावर तिखट भरायची, तेवढंच त्या क्षणी डोक्यात आलं. चिमूट जखमेजवळ नेली आणि मामांनी माझ्या हातावर असा फटका मारला की डबा अंगणभर सांडला. "तिखट नाई! साबन आन, साबन! अन् नळ सोड!"

नळाखाली त्यांनी तिचा पाय धरला आणि कपडे धुण्याच्या वडीने जखम धुवायला घेतली. ईशू किंचाळत होती. मामांनी तरी पाय सुटू दिला नाही. मी म्हटलं, "झालं मामा, स्वच्छ झालं." ते ओरडले, "घड्याळ पाह्य! पंधरा मिनिटं पुरे झाल्याबगर मी सोडत नाई!" पंधरा मिनिटं किती लांब असतात, ते मला त्या दिवशी कळलं. मग ऑटोत बसून आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. ईशूला जखमेत सुई दिली, दंडाला सुई दिली आणि कार्ड हातात दिलं. एकूण चार वेळा यायचं होतं. आज, तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या.

पहिल्या सुईनंतर थोडा वेळ थांबायला सांगितलं होतं. ईशू माझ्या मांडीवर झोपली. तिथल्या बाकावर मामा घरून निघाल्यापासून पहिल्यांदा बोलले.

"माहा लहान भाऊ होता, किसना. तो ईशूएवढा, मी नऊ वर्साचा. त्याले कुत्रं चावलं. मीच म्हनलं, घरी सांगू नको, बाबा मारते. तवा आमच्याकडं म्हनत, कुत्रं चावलं का सात विहिरीत डोकवाचं, जहर उतरते. मी त्याले घेऊन गेलतो. एकएका विहिरीवर त्याले वाकवलं अन् विचारलं, तोंड दिसलं का? दिसलं म्हने. मंग पुढची." त्यांनी ईशूचा लोंबता पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला. "महिन्याभरानं त्याले पानी दाखवलं का तो भिताडाले चिकटे. स्वतः पानी मांगे अन् गिलास पाहून किंचाळे. चावाले धावे. बाबानं त्याले खोलीत ठेवलं अन् कुऱ्हाडीचा दांडा घेऊन दारात उभे राह्यले. आतून किसना म्हने, बाबा, पानी. बाबानं दांडा खाली ठेवला अन् दाराले पाठ लावून बसले. दोन दिवस, आतला आवाज थांबेपर्यंत, तसेच बसून होते."

मामा पुढे म्हणाले, "विहिरीनं काई होत नाई, हे मले समजते पोरी. शिकलेले लोक सांगून गेले, मीच चार लोकाईले सांगत फिरलो. पन सहा विहिरी मले पक्क्या आठवतात. सातवी आठवत नाई. आजही मोजतो, तं सहाच होते." सत्तरीच्या पुढचा माणूस दवाखान्याच्या बाकावर बोटं दुमडत विहिरी मोजत होता, आणि मी माझ्या पोरीच्या कपाळाला हात लावून ताप बघत होते.

चौथ्या दिवशी ते कुत्रं नाल्याकाठी मेलेलं सापडलं, म्हणजे पिसाळलेलंच असणार. त्यानंतरची माझी भीती मी कुठल्याच भागात लिहू शकले नाही. ईशू पाणी प्यायला लागली की मी घोट मोजायची. आंघोळीला बादली पुढे केली आणि ती 'थंड आहे' म्हणून मागे सरली, तर मी आधी पेला भरून तिच्या तोंडाला लावायची. डॉक्टर म्हणाले होते की वेळेवर धुतलं, वेळेवर आणलं, आता फक्त सुया चुकवू नका. ते मी दिवसातून दहादा स्वतःला ऐकवायची आणि तरी भ्यायची. मालिका बंद पडली. नंदा तिच्या भावासमोर काठी घेऊन उभी होती, तिला तशीच उभी ठेवली.

मामांनी ईशूसाठी धावड्याची काठी केली, तिच्या कानाइतकी. प्रत्येक सुई झाली की ईशू ती घेऊन त्यांच्याकडे जायची आणि मामा चाकूने काठीवर एक खाच पाडायचे. "किती झाले?" ते विचारायचे. ती बोटं दाखवायची. "मोजून पाह्य," मामा म्हणायचे. तिसरी खाच पाडल्यावर त्यांनी काठीवर बोट फिरवलं, एक, दोन, तीन, आणि मग मला म्हणाले, "चौथी चुकवजो नोको माय. मी नसलो तरी."

तसं का म्हणाले, कुणास ठाऊक. दुखणं-खुपणं काही नव्हतं. त्यानंतर बारा दिवसांनी एका सकाळी संघमित्राताई चहा घेऊन गेल्या, तर मामा उठलेच नाहीत. मी गेले तेव्हा उशाशी तासणीची पिशवी होती आणि खिशात, ईशूच्या कार्डावरून उतरवून घेतलेला, चार तारखांचा कागद होता. तीन तारखांवर फुल्या होत्या. मी तो कागद बघून जशी रडले, तशी माझ्या वडिलांच्या वेळीही रडले नव्हते.

चौथी सुई मामांच्या मागे झालेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी आली. सिस्टरने सुई दिली, कार्डावर खूण केली आणि म्हणाली, "झालं, आता येऊ नका." मी तिला कार्ड पुन्हा तपासायला लावलं. ती हसली.

घरी येऊन ईशूने काठी पुढे केली. मामांचा चाकू ताईंनी मला दिला होता. मला सवय नव्हती, त्यामुळे चौथी खाच वाकडी पडली. त्या शनिवारी मी शेवटचा भाग लिहिला. नंदा काठी खाली ठेवते आणि दाराला पाठ लावून बसते, आतून भाऊ हाका मारत राहतो. पुष्कळ वाचक रागावले. एवढी जपलेली काठी वापरलीच नाही म्हणाले. मी कुणाला उत्तर दिलं नाही.

पण त्याआधी, खाच पाडली त्या दुपारी, आम्ही दोघी कडुनिंबाखाली जाऊन बसलो होतो. झाडाखाली अजून सालपा पडलेल्या होत्या. ईशूने मामांच्या जागेकडे बघून काठीवर बोट ठेवलं आणि मोठ्याने मोजलं, "एक, दोन, तीन, चार. आबाजी, चार झाले."

मी म्हटलं, "पुन्हा मोज."