तपासणीच्या आधी मी काटा खाली आणायचो

डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडाच्या काचेवर लावली. म्हणाल्या, "काका, उजव्या किडनीत कॅन्सरची गाठ आहे. फुफ्फुसातही बारीक ठिपके आलेत."

मी म्हटलं, "फिल्म माझीच कशावरून?"

त्यांनी कोपऱ्यातलं नाव दाखवलं. मी चष्मा लावून वाचलं. वयही बरोबर होतं. 

लघवी लाल होत होती महिनाभर. कोणाला बोललो नव्हतो. एक दिवस बायकोने बघितलं आणि ठाकुर्लीहून मला ठाण्याच्या हॉस्पिटलात आणलं. मी चौथी शिकलेला. पण डोंबिवलीला कापड रंगवायच्या कारखान्यात एकतीस वर्षं बॉयलर सांभाळलाय. मला कोणी गंडवावं, हे होणे नाही.

ऑपरेशन नको, गोळी घ्या म्हणाल्या. रोज एक. अँटीअँजिओजेनिक म्हणतात तिला. गाठीला वाढायला रक्त लागतं, म्हणून ती नवीन रक्तवाहिन्या आपल्याकडे ओढून घेते. चाळीतल्या एकाने चोरून नळ जोडून घ्यावा तसं. ही गोळी तो नळ तोडते.

मी विचारलं, "सगळ्यांना लागू पडते?"

"नाही. आणि कोणाला पडेल ते आधी सांगता येत नाही."

ते आधीच सांगणारी जी खूण रक्तात किंवा अंगात सापडते, तिला बायोमार्कर म्हणतात. या गोळीसाठी पक्की खूण अजून मिळालेली नाही. ती शोधायला पेशंटकडून रक्ताची एक जादा नळी घेतात, देता का, असं नर्सने विचारलं. कागद पुढे केला. मी नाही म्हटलं. माझं रक्त नेऊन कुठे ठेवणार, काय करणार? आधी गोळी लागेल का ते माहीत नाही म्हणायचं, वर रक्त मागायचं! मला त्यात काळंबेरं वाटलं.

घरी सकाळी बीपी मोजून लिहायला सांगितलेला. बॉयलरवर दर तासाला वाफेच्या दाबाचा काटा बघून वहीत लिहायचो, त्यामुळे ही सवय मला नवीन नव्हती. सहाव्या दिवशी वरचा आकडा दीडशेच्या पुढे गेला. मग एकशे साठ. मी मनात म्हटलं, बघ, गोळीने अंगाचं मशीन बिघडवलं.

आता माझी चूक सांगतो, कारण हे वाचणाऱ्यातला कोणीतरी तीच करत असेल. कारखान्यात बॉयलरचे साहेब तपासायला येणार असले की आम्ही आधीच आग कमी करायचो. काटा खाली, वही साफ, साहेब खूश. दोन वह्या असायच्या, साहेबांची वेगळी आणि आमची वेगळी. दर पंधरा दिवसांनी ठाण्याला जायचं असायचं. मी आधीचे सहा-सात दिवस गोळी बंद ठेवायचो. बीपी उतरायचा. खरे आकडे घरच्या वहीत राहायचे; डॉक्टरीणबाईंना दाखवायला कोऱ्या कागदावर चांगले आकडे लिहून न्यायचो. वाटायचं, वाढलेला बीपी दिसला तर आणखी चार औषधं माथी मारतील.

बायको म्हणायची, "अहो, स्वतःलाच काय फसवताय?" मी म्हणायचो, "तू भाकऱ्या बघ."

तीन महिन्यांनी स्कॅन झाला. गाठ थोडी वाढलेली.

डॉक्टरीणबाई माझा कागद बघत म्हणाल्या, "बीपी जरासुद्धा हलला नाही. गाठ वाढलीय. ही गोळी तुम्हाला लागू पडत नाही असं दिसतं. आपण ती बंद करू."

"बंद? मग पुढे?"

"दुसरी आहे. पण त्यानंतर आपल्या हातात फार काही उरत नाही, काका."

 बायकोने पिशवीत हात घातला आणि माझी घरातली वही टेबलावर ठेवली. ती तिने आणलेली मला माहीतच नव्हती.

"ही खरी," ती म्हणाली. "यांनी गोळी निम्मीच घेतलीय, मॅडम."

डॉक्टरीणबाईंनी पानं उलटली. गोळी घेतली त्या दिवसांपुढे मी फुली मारलेली. फुली असली की बीपी चढलेला, नसली की उतरलेला.

"एकशे अडुसष्ट घेऊन घरात बसलात? मेंदूत रक्तस्राव झाला असता तर?" त्या चिडल्या. मग हळू बोलल्या. "या गोळीवर बीपी वाढला तर ती अंगात काम करतेय असा अंदाज बांधतात. अंदाजच. हमी नाही. पण तुम्ही तोसुद्धा माझ्यापासून लपवलात. कदाचित लागू पडणारी गोळी मी बंद करायला निघालेले."

साहेब समजून मी ज्यांना फसवत होतो, त्या माझ्याच बॉयलरवर माझ्यासोबत उभ्या होत्या.

गोळी रोज सुरू झाली, जोडीला बीपीची गोळी. तळपाय सोलले, तोंड आलं, जेवण बेचव झालं. पुढच्या स्कॅनला गाठ आकसलेली होती. गेली नाही, आकसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "किती दिवस अशी राहील ते नाही सांगू शकत." मला ते आवडलं. खोटा काटा दाखवला नाही त्यांनी.

त्या दिवशी मी नर्सकडे जादा रक्ताच्या नळीचा तो कागद मागितला. सगळा वाचला, अर्धा तास लागला. बायको म्हणाली, "झाली का परीक्षा?" मी सही केली आणि हात पुढे केला. नळी भरल्यावर नर्सला थांबवलं, चष्मा लावला आणि नळीवरचं नाव वाचून घेतलं.

माझंच होतं. म्हटलं, आता न्या.