हाड म्हटलं की येणारा कुत्रा

आमच्या कॉलनीत कुत्र्यांशी इंग्रजीत बोलायची पद्धत होती. घरात दिवसभर ‘अगं’ नि ‘अरे’ करणारी माणसं कुत्रा समोर आला की ‘सिट’, ‘कम’, ‘शेकहँड’ सुरू करायची. मला त्याचा भारी राग यायचा. आपला कुत्रा मराठीत वाढेल, असं मी ठरवून टाकलं होतं. इतका शहाणपणा मी आयुष्यात पुन्हा केला नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये कामाला होते. आई जाऊन वर्ष झालं होतं, घरात बाबा आणि मी दोघंच. बाबा मुळातच कमी बोलणारे, आई गेल्यावर तर ‘हो’ आणि ‘जेवलीस का’ यापलीकडे फारसं काही उरलं नव्हतं. कारखान्याच्या गेटपाशी एक कुत्री व्यायली होती. तिचं एक पिल्लू मी खोक्यात घालून घरी आणलं, बाबांना सोबत होईल म्हणून. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि एकच अट घातली.

“कॉलनीत कुणाला याचा त्रास झाला, तर दुसऱ्या दिवशी हा इथे राहणार नाही.”

मी हो म्हटलं. एवढंसं पिल्लू, ते कुणाला काय त्रास देणार होतं.

चौथ्या-पाचव्या महिन्यात त्याचे दात बदलायला लागले आणि त्याने घर खायला घेतलं. चपला गेल्या, पायपुसणं गेलं, बाबांच्या चष्म्याचं घर गेलं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, हाडं द्या. आमचं घर श्रावणात कांदासुद्धा न शिवणारं. मी ओढणीने तोंड बांधून मटणाच्या दुकानापुढे उभी राहायचे, हाडं वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचे आणि मागच्या दारी, धुण्याच्या दगडापाशी त्याला द्यायचे. बाबांच्या कानावर जाऊ नये म्हणून हळू आवाजात, लाडाने म्हणायचे, “हाड हवं? हाड? ये, हाड.” तो कान मागे पाडून, सगळं अंग वळवत धावत यायचा. त्याला आम्ही एक नावही ठेवलं होतं, पण त्या नावाला त्याने कधी ओ दिली नाही. ‘हाड’ मात्र त्याला एका दिवसात कळलं. मराठी माणूस कुत्र्याला ‘हाड’ कशासाठी म्हणतो, हे त्या सगळ्या महिन्यांत माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

आठव्या महिन्यात तो एकदम ताडमाड झाला. पाय लांब, डोकं रिकामं. ‘बस’ विसरला, ‘थांब’ विसरला, फाटकावरून उडी मारायला शिकला. एका सकाळी पोस्टमन आले. हा फाटकाबाहेर उभा. ते सायकलवरून उतरले आणि कुणीही म्हणेल तसं म्हणाले, “हाड!”

तो आनंदाने वेडा झाला. चार उड्यांत गाठून त्याने पुढचे दोन्ही पाय पोस्टमनच्या छातीवर ठेवले आणि तोंड चाटायला लागला. ते घाबरून आणखी ओरडले, “हाड! हाड!” तो आणखी चढला. पत्रं गटारात पडली.

मग दूधवाले. मग समोरच्या घरी आलेले पाहुणे. जो जितक्या जोरात त्याला हाकलायचा, तितका तो त्याच्या गळ्यात पडायचा. पाहणाऱ्याला वाटायचं, कुत्रा अंगावर धावून गेला. खरं म्हणजे त्याच्या लेखी, जन्मात एवढ्या प्रेमाने त्याला कुणी बोलावलंच नव्हतं. हसावं की रडावं कळेना. कारण कळायला मलाही आठवडा लागला, आणि कळलं तेव्हा मी मागच्या दारात बसून स्वतःला शिव्या घातल्या.

देवळाली कॅम्पकडे एक निवृत्त हवालदार होते, फौजेत कुत्री सांभाळलेले. मी त्यांना घरी बोलावलं. त्यांनी त्याला तासभर फिरवलं, बसवलं, उठवलं. तो त्यांचं सगळं ऐकत होता. मग ते म्हणाले, “ताई, कुत्र्यात खोट नाय. तुम्ही घातलेल्या शब्दात खोट हाय. आता हाडकाला दुसरं काही म्हणा, पण हा शब्द निघाया लय दिवस लागतील. तवर कॉलनीला शिकवा.”

म्हणून मी कॉलनीला शिकवायला निघाले. एका रविवारी दारोदार जाऊन हात जोडून सांगितलं, आमच्या कुत्र्याला हाड म्हणू नका, ‘मागे’ म्हणा. लोकांनी चहा पाजला. “कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच,” असं मला तीन घरांत ऐकवलं गेलं. पोरांना तर खेळच मिळाला. ती गच्चीवरून ‘हाड’ म्हणायची आणि हा खाली उभा राहून, मान वर करून शेपूट हलवायचा. मी घरात त्याची तो शब्द विसरण्याची शिकवणी घेत होते. मी ‘हाड’ म्हणायचे, तो यायचा, मी तोंड फिरवायचे. दहा वेळा, वीस वेळा. तो समोर बसून माझ्याकडे पाहत राहायचा. आपलं काय चुकलं हे त्याला कळत नव्हतं आणि मला सांगता येत नव्हतं. मला त्या दिवसांत त्याचा इतका संताप यायचा की एकदा मी त्याला पट्ट्याने मारलं. त्याबद्दल मला अजून लाज वाटते.

बाबा एव्हाना त्याला सकाळी फिरायला न्यायला लागले होते. “चला महाराज,” म्हणायचे. परत आले की रस्त्यात काय काय झालं ते मला सांगायचे, पाच-पाच मिनिटं. ते बोलतायत हेच मला इतकं नवीन होतं की काय बोलतायत ते निम्मं ऐकूच यायचं नाही.

शेजारच्या काकूंनी आई गेली तेव्हा तेरा दिवस आमच्याकडे डबा पाठवला होता. त्यांनी ‘मागे’ पाठ केलं होतं, फाटकातून मला म्हणूनही दाखवलं होतं. एका सकाळी त्या फुलं तोडत होत्या, हा कुंपणाखालून आत गेला. मागे वळून पाहतात तो कुत्रा. त्या ओरडल्या, “हाड!” पायरीवरून पडल्या आणि मनगट मोडलं.

दवाखान्यात प्लास्टर घालून झाल्यावर त्यांनीच माझा हात धरला. “अगं, तोंडात दुसरा शब्दच आला नाही. घाबरल्यावर जुनाच येतो.” चूक माझी, आणि माफी त्या मागत होत्या.

घरी आले तेव्हा बाबांनी कुत्र्याला मागच्या दारी बांधून ठेवलं होतं. अट त्यांनी घातली होती, पण पाळायची मला होती. आणखी एक महिना मागावा असं फार वाटलं. काकूंचा हात आठवला आणि दुसऱ्याच दिवशी कारखान्यात कुणाला कुत्रा हवाय का, विचारलं.

कारखान्यातल्या एकाच्या भावाची पिंपळगावजवळ द्राक्षबाग होती. त्यांना राखणीला कुत्रा हवा होता. बागवाल्याने विचारलं, “काही खोड नाय ना?” मी म्हटलं, चप्पल चावतो. शब्दाचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने घेतला नसता, आणि मला तो तेव्हा कुठेतरी जायला हवा होता. टेम्पोत चढवताना तो बाबांकडे बघून शेपूट हलवत होता. बाबा आत निघून गेले.

तीन आठवड्यांनी कारखान्यात बागवाल्याचा फोन आला. काढणी सुरू होती. “ताई, कुत्रं गेलं पळून. बायांच्या अंगावर जायचं. हाड म्हटलं की आजूक जवळ यायचं. एकानं काठी घातली पाठीत, तरी जाईना. मंग दुसरी घातली.” मग तो म्हणाला, “तुम्ही बोलल्या नाय.”

रविवारी सकाळी मी स्कूटर काढली. बाबा न विचारता मागे बसले. बागेपासून सुरुवात केली आणि आग्रा रस्त्याने हळूहळू नाशिककडे यायला लागलो, कारण तो आला तर घराकडेच येईल असं आम्हाला वाटत होतं. मी त्याच्या नावाने हाका मारत होते. दोन-तीन मैल गेल्यावर बाबा मागून म्हणाले, “नावाला तो कधी आलाय?”

आणि त्यांनी हाक मारली. “हाड! हाड!” आई होती तेव्हाही बाबांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. रस्त्याकडेला बसलेलं एक कुत्रं ताडकन उठलं आणि शेपूट पायात घालून शेतात पळालं. पुढे कांद्याच्या गाड्यांजवळ चार-पाच होती, ती पांगली. बाबा थांबेनात. ओझरच्या आधी त्यांचा आवाज बसला, तेव्हा खोकत म्हणाले, “आता तू म्हण.”

मी स्कूटर बाजूला घेतली आणि मला जमेल तितक्या लाडाने, मागच्या दारी म्हणायचे तसं म्हटलं. समोर ढाब्याच्या सावलीत दोन कुत्री झोपली होती. ती उठली, आमच्याकडे एकदा पाहिलं आणि निघून गेली.