पयले दोन खंय गेले?

सदाला एखाद्या गोष्टीची किळस आली की तो भांडायचा नाही. चष्मा काढायचा, सदऱ्याच्या टोकाला पुसायचा आणि समोरच्याकडे तसाच बघत राहायचा. माणूस नीट दिसला नाही तर बरंच, असा त्यात भाव. कुडाळजवळच्या एका ज्युनियर कॉलेजात आम्ही बरोबर शिकवत होतो, तो फिजिक्स आणि मी मराठी. तिथे त्याचा चष्मा नाकावर कमी आणि हातातच जास्त असे.

त्याआधी तो काही वर्षं मुंबईला संशोधन करत होता. बॉम्ब बनवतो, अशी वाडीत समजूत. खरं काम वेगळंच होतं. सोन्याच्या अणूंचे गाभे प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळले की पापणी लवायच्या आत त्यांतलं द्रव्य विलक्षण दाबलं जातं. इतकं दाबलेलं द्रव्य कडक असतं की मऊ, हा प्रश्न. आदळायची यंत्रं परदेशात होती; सदा तीच टक्कर कॉम्प्युटरवर मांडायचा.

"बोट लावन बघूक गावणा नाय मां," तो मला एस.टी.ची वाट बघताना सांगायचा. "म्हणान एकदा कडक धरून बघूचा, एकदा मऊ धरून बघूचा. खऱ्या टकरीत तुकडे जशे उडतत, तशे कशात उडतत ता बघूचा."

कडक धरलं की आकडे जुळायचे. त्याचे मार्गदर्शक सर खूश होते, प्रबंध कडक द्रव्यावरच उभा होता. मग सदाच्या लक्षात आलं की कणांमधला रेटा त्यांच्या वेगाप्रमाणे बदलतो. तेवढं हिशेबात घेतलं तर मऊ द्रव्यही तुकडे तसेच उडवतं. म्हणजे एवढ्या पुराव्यावरून कडक की मऊ, हे सांगताच येत नाही. त्याने ते प्रकरण लिहून दिलं. सरांनी ते बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "एवढं गाळा. पुढच्या महिन्यात तुम्ही डॉक्टर."

सदा सुट्टी काढून घरी आला. त्याचे वडील तात्या, त्यांनी तर दारावर लावायची 'डॉक्टर' लिहिलेली पाटी रंगवायलासुद्धा टाकली होती. पोरगा अडून बसलाय म्हटल्यावर ते त्याला घेऊन देवळात कौल लावायला गेले. मी त्याच वाडीतला, मीही सोबत गेलो. गुरवाने देवीच्या अंगावर दोन बाजूंना पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, की झिलानं सरांचं ऐकावं, मुंबईला जावं, असं मनात असेल तर उजवा कौल दे, म्हाराजा. आम्ही "व्हय म्हाराजा" म्हटलं. डावी पाकळी पडली.

तात्या म्हणाले, पाकळी ओली होती. परत लावली. परत डावीच. मग तात्यांचं म्हणणं पडलं की गाऱ्हाण्यात सरांचं नाव राहिलं, देवीला कळणार कसं? नाव घालून तिसऱ्यांदा लावली. उजवी पडली. तात्यांनी हात जोडले. "दिल्यान. देवीन उजवो दिल्यान."

सदाने चष्मा काढला. "पयले दोन खंय गेले?"

गुरव समई सारखी करू लागला. वाटेत सदा मला म्हणाला, "सर आणि तात्या, कायेक फरक नाय रे. जुळासर विचारूचा आणि जुळला की थांबाचा." तो पुन्हा मुंबईला गेला नाही. पाटी तात्यांनी माळ्यावर टाकली आणि मरेपर्यंत मुलाशी तुटकच बोलले. मला त्या सरांची शिसारी आली होती. तात्यांचीही आली, आणि देवळातून घरी येऊन त्यांनी कौतुकाने वाटलेल्या प्रसादाचीही.

'पयले दोन' मग सदाच्या तोंडी बसलं. प्रॅक्टिकलला मुलं पुस्तकातलं उत्तर आधी बघायची आणि त्यावरून उलट हिशेब करून लंबकाची रीडिंगं लिहायची. सगळीकडे हेच चालतं. सदा विचारायचा, "पहिली दोन कुठे गेली?" पोरं खाली बघायची. एका वर्षी त्याने अख्ख्या वर्गाला शून्य दिलं. प्राचार्यांनी त्याला बोलावून मुलांच्या भवितव्यावर भाषण दिलं आणि गुण स्वतःच भरले. ज्यांना भरून मिळाले त्यांतले दोघे पुढे तिथेच मास्तर झाले, आणि तेही आता तेच करतात. सांगताना अजून माझं तोंड कडू होतं.

कॉलेजात दहाएक वर्षं होता होता त्याच्या पोटात दुखू लागलं. अन्न टिकेना. कुडाळच्या डॉक्टरांनी मान हलवली आणि गोव्याला पाठवलं. तिथे सुलूवहिनीला, त्याच्या बायकोला, बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या. तिला ते पटेना. कुणीतरी मालवणातला एक डॉक्टर सुचवला, तिथेही नेलं. तो म्हणाला, साधा अल्सर आहे.

मी भेटायला गेलो तेव्हा वहिनी त्याच्या उशाशी बसून सांगत होती, "मालवणचे डॉक्टर म्हणाले, अल्सर आसा. गोळयेन बरो होतलास." तिच्या तोंडावर अगदी देवळातल्या तात्यांचा आनंद होता.

सदाने चष्मा काढला. आता तो विचारणार आणि ही बाई इथेच कोसळणार. त्याने चष्मा सावकाश पुसला आणि, मी कधी पाहिलं नव्हतं असं, पुन्हा डोळ्यांवर चढवून तिच्याकडे नीट बघितलं.

"बरां झाला," तो म्हणाला. "दी गोळी."

ती पाणी आणायला आत गेली. सदाने माझा हात धरला. त्याचं नाक मुरडलेलं होतं, स्वतःचीच किळस आल्यासारखं.

"तू इचारू नको हां," तो म्हणाला.