थांबाकाका आणि बारा नकाशे

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एक कोरा कागद फाडत होते. आधी उभा फाडला, तो सरळ रेषेत गेला. मग आडवा फाडला, तो वेडावाकडा गेला. दोन्ही तुकडे त्यांनी माझ्या भाचीसमोर धरले आणि म्हणाले, "कागदालाही स्वभाव असतो, ताई. तो ज्या बाजूने सरळ फाटतो, ती बाजू पुस्तकाच्या कण्याला समांतर हवी. नाहीतर पुस्तक उघडं राहत नाही, फटकन मिटतं."

भाचीचा प्रबंध डोंगरातल्या झऱ्यांवर होता. त्यासाठी तिने सहा वर्षं पायपीट केली होती. तो छापून बांधून घ्यायचा म्हणून ती मला सोबत घेऊन त्या बायंडरच्या दुकानात आली होती. दुकान म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत कागदाचे गठ्ठे आणि संगणकापाशी बसलेली त्यांची लेक. मागच्या खोलीत शिलाईची चौकट, खळीचं पातेलं आणि हातभर लांब पात्याचं कटिंग मशीन. विद्यार्थी त्यांना थांबाकाका म्हणत, कारण कितीही घाईत कुणी आलं तरी त्यांचा पहिला शब्द 'थांबा' असे. पातं खाली आणण्याआधी तर ते हमखास थांबत आणि विचारत, "आत घडीचं काही आहे का?"

भाचीला सगळ्यात जाड कागद हवा होता. काकांनी हसून सांगितलं की जाड कागदाने प्रबंध फुगतो, वजन त्याला लिहिण्यानेच येतं. शेवटी ऐंशी जीएसएमचा, म्हणजे मध्यम जाडीचा, किंचित पिवळसर कागद ठरला. पांढराशुभ्र कागद परीक्षकांच्या डोळ्यांना टोचतो म्हणे. छपाई एकाच बाजूला आणि डावा समास दीड इंच, कारण शिलाईत अर्धा इंच गडप होतो. नुसतं चिकटवून घ्यावं का, असं भाचीने विचारताच त्यांनी फळीवरून कुणाचा तरी जुना, चिकटवलेला प्रबंध काढून उघडला. प्रस्तावना माझ्या मांडीवर येऊन पडली. पुढे काही विचारायची गरज उरली नाही. मुखपृष्ठ तिला जांभळं हवं होतं, विद्यापीठाच्या नियमात गडद निळं रेक्झिन होतं. "जांभळा रंग नातवंडांच्या स्वेटरला ठेव," असं काकांची लेक संगणकावरून मान न उचलता म्हणाली.

प्रबंध देण्याचा शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी पाचला विद्यापीठाच्या कचेरीची खिडकी बंद होणार होती. ती वेळ चुकली असती, तर भाचीला ठरलेली नोकरी सोडून पुढच्या सत्राची वाट बघावी लागली असती. सकाळी दहाला आम्ही दुकानात पोचलो. चारही प्रती शिवून तयार होत्या; कडा कापायच्या आणि पुठ्ठे चढवायचे बाकी होते. प्रत्येक प्रतीत बारा मोठे नकाशे घडी करून घातले होते. ते भाचीने शेवटच्या आठवड्यात काढले होते, घड्याही घरी स्वतःच घातल्या होत्या, पट्टी लावून, पानाच्या कडेशी तंतोतंत.

त्या तंतोतंतपणानेच घात केला. एखादी घडी जरा बाहेर डोकावली असती तरी काकांच्या बोटांना लागली असती. आणि मी त्यांना आमच्या शाळेतल्या उत्तरपत्रिकांच्या कागदाची रडकथा सांगत होते, ते मान डोलावत होते. बोलण्याच्या नादात त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. पहिल्या प्रतीवर पातं खाली आलं. पांढऱ्या कातरणांबरोबर निळ्या-हिरव्या बारीक पट्ट्या खाली पडल्या.

काकांनी प्रत उघडली. प्रत्येक नकाशाची घडी कापली गेली होती आणि त्याचे दोन सुटे तुकडे झाले होते.

"माझी चूक," ते म्हणाले. "विचारलं नाही मी."

भाची म्हणाली, तिनेच घडी कडेपर्यंत नेली. मी म्हणाले, माझीच बडबड भोवली. तेवढ्यात लेक मागच्या खोलीत आली.

"चूक नंतर वाटून घ्या. आधी सांग, नकाशे कुठे छापलेस?"

भाचीने दुकान सांगितलं, पेन ड्राइव्ह दिला आणि लेक गेली. काकांनी बाकीच्या तीन प्रतींतल्या घड्या उलगडून बोटभर आत घेतल्या, मग त्या प्रतींच्या कडा कापल्या. बिघडलेल्या प्रतीतले नकाशे त्यांनी कापून काढले. मात्र कण्यालगत प्रत्येकाची बोटभर पट्टी ठेवली. साडेबाराला लेक नवे नकाशे घेऊन आली. काका एकेका पट्टीला खळ लावत, नकाशा टेकवत, वर मेणकागद ठेवत. त्यांचा हात नेहमीसारखाच चालत होता. मी जन्मात प्रथमच दोन तास तोंड मिटून बसले.

सव्वातीनला चारही प्रतींना पुठ्ठे चढवून झाले. काकांनी दुरुस्त केलेल्या प्रतीतला सातवा नकाशा भाचीला उघडायला सांगितला. तो सपाट उघडला, मिटलाही नीट. चार वाजून वीस मिनिटांनी खिडकीवरच्या कारकुनाने चारही प्रतींवर शिक्के मारले. नकाशे त्याने उघडूनही पाहिले नाहीत. भाची रुसली जराशी.

हे सांगायला आम्ही दुकानात परत गेलो तेव्हा काका चहा पीत होते. लेकीकडे न बघताच ते म्हणाले, "उद्यापासून मशीन तुझं."

"तीन वर्षं मागतेय मी, बाबा."

"तेव्हा मी चुकत नव्हतो."

मला वाटलं होतं, ते मनाला लावून घेतील. पण कप ठेवताना त्यांचा चेहरा शाळा सुटल्यासारखा दिसला.

आता कटिंग लेक करते आणि पातं खाली आणण्याआधी प्रत्येक प्रत पानन् पान उलटते. काका खिडकीपाशी बसून फक्त शिलाई करतात, दिवसाला तीन प्रती, आणि दुपारी दोनला घरी जाऊन झोपतात.