तिसरं नोझल संपावर

चार नोझलांमध्ये समता आणायला निघालात, तर तुम्ही प्रत्येकाला सारखं वाटाल की ज्याला लागेल तितकं द्याल? घाईने उत्तर देऊ नका. आम्ही घाई केली होती.

नव्वदच्या आसपास नवीन पनवेलच्या इमारती उभ्या राहत होत्या. त्यांच्या विटा भाजणाऱ्या कातकरी वाडीची हातपंपाची वाट भट्टीमालकाने काटेरी तार घालून बंद केली होती. तक्रार वाडीतल्या एका मावशींच्या नावाने होती. तहसील कचेरीत सुनावणीचा पुकारा होईल तेव्हा त्या हजर नसल्या, तर प्रकरण निकाली. त्यांना आणायला आमच्या संघटनेकडे एकच जुनी डिझेल जीप, आणि ती धूर ओकत होती. गॅरेजवाला भट्टीमालकाचा मेहुणा. त्याच्या दारात जाणं म्हणजे शरणागती! म्हणून सुनावणीच्या आदल्या दिवशी आम्ही तिघांनी नोझलं स्वतःच बदलली.

नोझल म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारी तोटी. तिच्यावर स्प्रिंग, आणि स्प्रिंगला ताण द्यायला शिम म्हणतात त्या पातळ चकत्या. खोलून बघतो तर कुणाकडे एक चकती, कुणाकडे पाच. मी संतापलो. सगळ्या चकत्या एका ताटलीत ओतल्या, ठराव मांडला आणि एकमताने मंजूर झाला: प्रत्येकाला तीन. स्प्रिंगा कमीजास्त थकलेल्या असतात आणि चकत्यांनी तोच फरक भरून काढायचा असतो, हे मी वाचलेल्या एकाही पत्रकात नव्हतं.

सकाळी धक्का मारून जीप सुरू केली, तर ती जागच्या जागी नाचायला लागली. मग नोझलला डिझेल पोचवणाऱ्या एकेका नळीचा नट सैल करून पाहिलं. आवाज पडला तर ते नोझल काम करतंय असं समजायचं. तिसऱ्याचा नट सैल केला, आवाजात काही फरक नाही.

"तिसरं संपावर आहे," जीप चालवणारा मित्र म्हणाला.

"मागण्या काय त्याच्या?"

"त्याला तुझं वाटप मान्य नाही."

पुन्हा खोलायला वेळ नव्हता. तसेच निघालो. वाडीत मावशी पुढच्या सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, "दादा, हिला थंडीताप हाय काय?"

कचेरीशी पोचलो तेव्हा पुकारे सुरू झाले होते. जीप बंद करायची सोय नव्हती, म्हणून खिडकीखाली चालूच ठेवली. आतल्या काचा थडथडायला लागल्या. आमच्या आधी बरीच प्रकरणं होती, पण तहसीलदार साहेबांना एकाचंही बोलणं ऐकू येईना. ते खिडकीत आले.

"बंद करा ते!"

"बंद केली तर इथेच राहील, साहेब!" मित्र खालून ओरडला.

"मग यांचंच आधी घ्या, आणि घालवा ती ब्याद!"

आत मावशी इंजिनाच्या वरताण आवाज काढून म्हणाल्या, "पानी तिकडं, आमी इकडं, मदी तार!" एवढं सगळ्यांना ऐकू गेलं. भट्टीमालकाच्या वकिलांचं लांबलचक म्हणणं जीपने गिळलं. तार काढण्याचा आदेश निघाला.

परतताना मी सत्याच्या विजयावर बोलायला लागलो. मावशींनी मला थांबवलं.

"आमी दोन वर्सं बोलतोय, दादा. कोनी आयकलं नाय. ही खोकली तवा आयकलं."

तेव्हा नोझलं घरी बदलणार असाल, तर प्रत्येकाच्या चकत्या वेगळ्या वाटीत ठेवा आणि दाब मशीनवर तपासून घ्या. पण कुठे पाण्याच्या वाटेवर तार दिसली, तर आधी तिथल्या माणसांना गाडीत बसवून सुनावणीला न्या. गाडी खिडकीखालीच लावा आणि बंद करू नका.